चौदा नंबरचा रविवार

"कस्तुरी, या महिन्यात कोण वारलं?"

हजेरीपटावरून मान वर न करता कोरे सरांनी विचारलं आणि सगळा वर्ग हसला. मी रजेची चिठ्ठी घेऊन टेबलाजवळ उभी होते.

"कुणी वारलं नाही सर. मावसबहिणीला बघायला पाहुणे येणार आहेत."

"जुलैमध्ये पण तिलाच बघायला आले होते."

"ते नकार देऊन गेले सर."

वर्ग पुन्हा हसला. सरांनी चिठ्ठीवर सही केली आणि मी जागेवर जाऊन बसले. मला मावसबहीण नव्हती. मावशीही नव्हती. दोन हजार अठराचा तो सप्टेंबर, मी दहावीत होते. तीन वर्षांत दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी माझ्या घरी कुणाचं तरी लग्न, बारसं नाहीतर दहावं निघायचं.

त्या मंगळवारी मी तालुक्याच्या दवाखान्यात जायची. मला जन्मापासून एचआयव्ही होता. माझी पहिली इयत्ता संपायच्या आत आई-वडील दोघंही गेले. पुढं मला मामानं वाढवलं. मामा द्राक्षबागेत कामाला होता, मामी बेदाण्याच्या शेडवर बेदाणा निवडायची. आठव्या वर्षापासून मी गोळ्या घेत होते आणि त्या कशाच्या आहेत हे मला बाराव्या वर्षी दवाखान्यातल्या आरगे मॅडमनी सांगितलं. त्या समुपदेशक होत्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या.

दवाखान्यात आमची खोली चौदा नंबरची. बाहेर तेवढाच आकडा होता, पण तालुक्यात सगळ्यांना तो आकडा कळायचा. "तो चौदा नंबरला जातो" म्हटलं की पुढं काही सांगावं लागायचं नाही. मंगळवार बाजाराचा दिवस, त्यामुळं दवाखान्यात ही गर्दी. केसपेपरच्या रांगेत गावातलं कुणी ना कुणी असायचंच. मी नाकापर्यंत स्कार्फ बांधून भिंतीच्या कडेनं जायची.

गोळ्या मिळाल्यावर आम्हा मुलांना मागच्या खोलीत वीस मिनिटं बसवायचे. बारा ते अठरा वयाची आम्ही एकोणीस जणं. मॅडम प्रत्येकाची डबी ताटलीत ओतून उरलेल्या गोळ्या पट्टीनं सारत मोजायच्या. माझी डबी झाली की म्हणायच्या, "कस्तुरीकडं बघा. तीन वर्षांत एक गोळी इकडची तिकडं नाही."

मी खाली मान घालायची. सगळ्यांना वाटायचं, मी लाजते.

त्या मंगळवारी स्वप्नाली खिलारे पुन्हा आली नव्हती. ती माझ्याहून वर्षानं मोठी, त्या सगळ्यांत माझी एकच खरी मैत्रीण. जूनमध्ये अकरावी सायन्सला तालुक्याच्या कॉलेजात आली आणि मुलींच्या वसतिगृहात राहू लागली. दवाखाना तिच्या खिडकीतून दिसायचा. तरी ती तीन महिने आली नव्हती.

निघताना मॅडमनी मला बाजूला घेतलं. "स्वप्नालीची गाठ पडते का?"

"नाही मॅडम."

"पडली तर सांग, मी वाट बघते म्हणून." त्या म्हणाल्या.

रविवारी मी मामीला क्लासचं सांगून एसटी पकडली.

वसतिगृहाच्या मागं पाण्याची टाकी होती, तिच्या सावलीत आम्ही बसलो. स्वप्नाली वाळली होती. ओठांच्या कडा फाटल्या होत्या आणि बोलताना ती जीभ जपून हलवत होती.

"तोंड आलंय," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले."

"गोळ्या?"

"संपल्या. जुलैमध्येच." तिनं इकडं तिकडं बघितलं. "मंगळवारी बाहेर पडायचं तर घरचं पत्र लागतं आणि कारण लागतं. आजोबांना लिहिता येत नाही. आणि कारण काय सांगू? रेक्टर मॅडम चांगल्या आहेत गं, पण खोलीत आम्ही सहा जणी आहोत. एकीला कळलं की सहा जणींना कळलं. आम्हाला रविवारी सोडतात, दहा ते पाच. रविवारी चौदा नंबरला कुलूप असतं. दोनदा जाऊन बघून आले."

"मी आणून देते. माझ्यातल्या."

"नको." मग म्हणाली, "आणून तरी काय करू?"

मग तिनं मला एका मुलाचं सांगितलं. क्लासमध्ये तिच्या पुढच्या बाकावर बसायचा, दोनदा त्यानं फिजिक्सची वही दिली होती. "तो हसला की मला रडायला येतं. मला कोण करून घेणार कस्तुरी? आणि कुणी केलंच, तर माझ्यामुळं तो मरणार. मूल झालं तर ते माझ्यासारखं. आजोबा किती वर्षं पुरणार? कधीकधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं."

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली, जेवणात मीठ कमी आहे असं सांगावं तसं. मला भीती वाटली. तेच प्रश्न माझेही होते. पाच वाजेपर्यंत मी तिथून हलले नाही. आम्ही वडापाव आणून खाल्ला, तोही तिला झोंबला. निघताना मी तिच्याकडून एकच कबूल करून घेतलं, की पुढच्या रविवारपर्यंत ती रोज मला मिस कॉल देईल.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी सरळ आरगे मॅडमकडं गेले आणि सगळं सांगितलं, सकाळी जाग न येण्याचं वाक्यसुद्धा. मॅडम लगेच उठल्या. त्या दुपारी आरोग्य तपासणीचं निमित्त करून त्या वसतिगृहात गेल्या, पंधरा मुलींची वजन-उंची घेतली आणि त्यात स्वप्नालीशी दहा मिनिटं बोलल्या. "पण दहा मिनिटांत काय होतं?" परत आल्यावर त्याच म्हणाल्या. "आणि सगळ्यांसमोर हातात डबी कशी देऊ?"

"मॅडम, रविवारी चौदा नंबर उघडत नाही का?"

"वरून परवानगी लागते बाळा."

"मग मागू या."

त्यांनी मला अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. मी फुलस्केपवर चांगल्या अक्षरात लिहिला. पण खाली सह्या करायला एकही जण तयार होईना. नाव लिहिलं की तो कागद किती टेबलांवरून जाणार आणि कोण कोण वाचणार? मी स्वतःही सही केली नाही. आवकच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत दिला. "निनावी अर्ज घेता येत नाही."

आमचा मोबाइलवर एक ग्रुप होता. घरच्यांच्या फोनवर असल्यामुळं त्याचं नाव 'भूमिती सराव' होतं. सह्यांचंही मी तिथंच विचारलं होतं. अर्ज परत आला त्या संध्याकाळी मामाच्या फोनवरून मी त्यात लिहिलं, "नावं देता येत नसतील तर आपणच जाऊ. रविवारी दहा वाजता. क्लास बंद असला तरी या."

मग बिरू खांडेकरनं, जो पंधरा वर्षांचा होता आणि ग्रुपवर फक्त क्रिकेटचे स्कोअर टाकायचा, लिहिलं, "भूमितीला येतो."

रविवारी दवाखाना ओळखू येत नव्हता. केसपेपरची खिडकी बंद होती. अंगणात एकही गाडी नव्हती. अपघात विभागात एक सिस्टर बसली होती तेवढीच. चौदा नंबरच्या पायऱ्यांवर मी एकटी बसले आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मी स्कार्फ सोडून हातात धरला आहे. बघायलाच कुणी नव्हतं.

बिरू आला. दोन बहिणी आल्या. साडेदहापर्यंत अकरा जण झाले. वॉचमननं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" आम्ही म्हटलं, "सरांना." पावणेअकराला फाटकातून स्वप्नाली आत आली. मी सोळावर मोजणं सोडलं.

चौदा नंबरचे डॉक्टर तांबोळी मागच्या क्वार्टरमध्ये राहायचे. वॉचमननं निरोप दिला तेव्हा ते नुकतेच बाजारातून आले होते. अंगात बनियनवर घातलेला जुना शर्ट, पायात स्लीपर आणि हातातल्या पिशवीतून मेथी बाहेर आलेली. आमच्याकडं बघून ते थांबले.

"कुणी बोलावलं तुम्हाला?"

बिरू माझ्या मागं सरकला.

"आज बंद आहे. माहीत नाही?"

"माहीत आहे सर," मी म्हणाले. "म्हणूनच आलो."

ते माझ्याकडं बघत राहिले. ओरडणारे गृहस्थ नव्हते, पण रविवारची सकाळ होती आणि त्यांच्या कपाळावर आठी होती. "हे बघा, औषध तुम्हाला मिळतं. मंगळवारी मिळतं, फुकट मिळतं. रविवारी उघडायचं तर औषधवाला पाहिजे, टेक्निशियन पाहिजे, त्यांना सुट्टी नको का? आणि तू कस्तुरी ना? आरगे मॅडम तुझंच नाव घेतात. तू तर एक गोळी चुकवत नाहीस. तुला मंगळवारची काय अडचण आहे?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बिरू, त्या दोघी बहिणी, स्वप्नाली. मी मनात वाक्यं जुळवून आले होते. शाळा बुडते, लोक बघतात, अर्ज घेत नाहीत. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"मी चुकवते सर," मी म्हणाले.

"काय?"

"मी गोळ्या चुकवते. आठवड्यातून तीन, कधी चार. मंगळवारी यायच्या आदल्या दिवशी जेवढ्या जास्त असतील तेवढ्या मोजून शेडच्या मागच्या चरात टाकून देते. म्हणून मोजणी बरोबर येते."

मी हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तीन वर्षं मॅडम माझं नाव घ्यायच्या आणि मी मान खाली घालायची ती याच्यासाठी.

मला वाटलं, आता डॉक्टर म्हणतील की जिच्यावर विश्वास ठेवला तीच अशी, मग बाकीच्यांचं काय ऐकायचं.

माझ्या डाव्या बाजूला बिरूनं हात वर केला. वर्गात करतात तसा. "मी पण सर."

मग दोघी बहिणींनी केला. मग मागच्या पायरीवरच्या एकानं. नुसते हात वर येत होते. शेवटी दोनच जण उरले, त्यातल्या एकाला त्याची आजी स्वतःच्या हातानं गोळी भरवायची.

डॉक्टरांनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग तेही तिथंच बसले, सगळ्यात खालच्या पायरीवर, आमच्याकडं तोंड करून.

"हात खाली घ्या," ते म्हणाले. "का, ते सांगा. मी रागावणार नाही."

मग एकदा सुरू झालं ते थांबेना. गोळी घेतली की भिंती फिरतात, अभ्यास होत नाही. भयानक स्वप्नं पडतात. खोलीत चुलतभाऊ झोपतो, तो विचारतो. सहलीला डबी नेता येत नाही. एक मुलगी म्हणाली, घरात माझं ताट वेगळं आहे, गोळी घेताना ते आठवतं. डॉक्टरांनी खिशातून बाजाराच्या यादीचा कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. चक्कर येते त्यांनी गोळी झोपायच्या आधी रिकाम्या पोटी घ्यायची, जमत नसेल तर औषध बदलता येतं का बघू, हे सांगायला ते मधेच थांबायचे. मग म्हणायचे, "पुढं."

"सर," स्वप्नाली म्हणाली.

ती सगळ्यात मागं उभी होती.

"माझं लग्न होईल का?"

कुणी हसलं नाही.

"आणि झालं तर नवऱ्याला लागणार. मूल झालं तर त्याला लागणार. मग गोळ्या खाऊन जगायचं कशासाठी, ते सांगा."

डॉक्टर उठून उभे राहिले. "कुणी सांगितलं तुला हे?"

"सांगायला कशाला पाहिजे? आमच्या आयांचं बघितलं की आम्ही."

"इकडं ये. बस." ते तिच्याशी बोलले, पण आम्ही सगळे ऐकत होतो. "तुझ्या आईला वेळेवर औषध मिळालं नाही. तुला मिळतंय. रोज गोळी घेतलीस आणि तपासणीत विषाणू सापडणार नाही इतका तो कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो नवऱ्याला लागत नाही. मी धीर द्यायला बोलत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. तशा आईच्या बाळाला लागायची शक्यताही अगदी थोडी उरते. बाळाला जन्मल्यावर औषध देतो, दीड वर्षापर्यंत तपासतो. गेल्या चार वर्षांत अशा आयांची अकरा बाळं मी तपासली."

"किती निगेटिव्ह?"

"अकराच्या अकरा."

स्वप्नाली त्यांच्याकडं बघत होती. तिचे डोळे भरले नव्हते. ती रागावली होती. "मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

डॉक्टरांनी हातातल्या कागदाची घडी घातली. "आम्हाला वाटलं, तुम्ही अजून लहान आहात."

"मी मिशी काढतो सर," बिरू म्हणाला.

पहिल्यांदा सगळे हसले, डॉक्टरसुद्धा. त्या हसण्याचा आधार घेऊन बिरूनं लालबुंद होत विचारलं, मुलीचा मुका घेतला तर लागतं का. डॉक्टरांनी सांगितलं, नाही. मग निरोधाचं सांगितलं, तो कशासाठी, गोळी चालू असतानाही का वापरायचा, नको त्या वयात गरोदर राहणं म्हणजे काय, आणि मुलगी नाही म्हणाली की नाहीच. सरळ शब्दांत, इकडं तिकडं न बघता. मासिक पाळी लांबते त्याचं एका मुलीनं विचारलं, त्याचंही सांगितलं. दोन तास गेले. मेथी उन्हात सुकत होती.

आरगे मॅडमना त्यांनी मधेच फोन केला होता. त्या यजमानांच्या मोटारसायकलवरून तीस किलोमीटर आल्या. माझं त्यांना डॉक्टरांनीच सांगितलं. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मला वाटलं, आता नजरेला नजर कशी द्यायची. पण त्याच म्हणाल्या, "मी गोळ्या मोजत राहिले गं. तुला विचारलंच नाही."

औषधवाले हजारे भाऊ जेवण अर्धवट टाकून किल्ली घेऊन आले आणि कुलूप काढेपर्यंत कुरकुरत होते. डॉक्टरांनी स्वप्नालीला तपासलं, अंगात बारीक ताप निघाला, तोंडासाठी औषध दिलं, गोळ्या पुन्हा सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे हवा होता, त्यासाठी दुसऱ्या दिवशी येता यावं म्हणून रेक्टर मॅडमच्या नावे चिठ्ठी दिली. तिच्यावर ताप आणि तोंड येणं एवढंच लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. आरगे मॅडम दार लावून घेऊन तिच्याशी तासभर बोलल्या. त्यानंतर दर रविवारी त्या तिच्यासाठी येत राहिल्या. कागदावर परवानगी नव्हती तेव्हाही.

परवानगीला अडीच महिने लागले. डॉक्टरांनी त्या यादीच्या मागच्या बाजूवरून पत्र तयार केलं, आमची नावं न घालता, खाली स्वतःची सही करून. जिल्ह्याहून एक अधिकारी आले. डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम मंगळवारी बोलावलं आणि आमच्या रांगेत पाऊण तास उभं केलं. मग पत्र आलं. दुसरा आणि चौथा रविवार, दहा ते एक, कर्मचाऱ्यांना बदली सुट्टी.

पहिल्या रविवारी सत्तावीस मुलं आली. त्यातली आठ मी पूर्वी कधी पाहिलीच नव्हती. कुणी वर्षभर औषध सोडलेलं, कुणी पुण्याला पळून गेलेलं. हजारे भाऊंनी घरून मोठा डबा भरून पोहे आणले आणि आमच्याकडं न बघता म्हणाले, "गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, उपदेश भरल्या पोटी ऐकायचा."

त्या हिवाळ्यात माझी पहिली व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणारी, तपासणी झाली. आकडा चाळीस हजारांच्या वर होता. मी तो लपवला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं आणि कागदावर लिहून आलं, विषाणू आढळला नाही. स्वप्नालीला आठ महिने लागले. तिनं तो कागद मला दाखवला तेव्हा आम्ही दोघी एसटी स्टँडवर होतो आणि आम्ही इतक्या हसलो की आमची गाडी निघून गेली.

बारावीनंतर मी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला आणि चौदा नंबरलाच कामाला लागले. स्वप्नाली बीएस्सी झाली. वहीवाला मुलगा कुठं गेला कुणास ठाऊक. चार वर्षांपूर्वी तिला संदीप भेटला, शेतीच्या औषधांचं दुकान चालवणारा. तिनं त्याला आधी सगळं सांगितलं आणि मग रविवारी चौदा नंबरला घेऊन आली. डॉक्टर तांबोळींची बदली झाली होती, नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तासभर समजावलं. तो ऐकत राहिला. शेवटी त्यानं एकच विचारलं, "तिनं कधी चुकवली तर मी आठवण केलेली चालेल ना?"

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी दीड वर्षाची झाली. तिची शेवटची तपासणी माझ्या टेबलावर आली. अशा तपासण्या मी रोज करते. त्या दिवशी रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकल्यावर मी पट्टीकडं पाठ करून घड्याळ बघत बसले. वीस मिनिटांनी वळले. एक रेघ होती. दुसरी नव्हती. नियमाप्रमाणं मी सहकाऱ्याला बोलावलं, त्यानंही बघितलं आणि मान हलवली.

मी कागद घेऊन बाहेर आले. स्वप्नाली मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मुलगी सुईच्या रागानं माझ्याकडं बघायला तयार नव्हती. स्वप्नालीनं कागद वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग संदीपला फोन लावला.

मंगळवार होता, बाजाराचा दिवस. व्हरांडा माणसांनी भरला होता, केसपेपरची रांग पायऱ्यांपर्यंत गेली होती. स्वप्नाली चौदा नंबरच्या दारात मधोमध उभी राहिली, तोंडावर काही न बांधता.

"हो, आला रिपोर्ट," ती म्हणाली. "नाही, मी हळू बोलत नाही. निगेटिव्ह आहे. आपली मुलगी निगेटिव्ह आहे."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तिनं ते वाक्य आणखी एकदा म्हटलं.